ॲप्लिकेशन सर्व्हर की वेब फ्रेमवर्क? : एका प्रश्नाच्या मांडणीची चिकित्सा

प्रास्ताविक

माहिती तंत्रज्ञानाच्या अंतर्गत परीक्षांत ‘फरक स्पष्ट करा’ या सदराखाली हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ॲप्लिकेशन सर्व्हर आणि वेब फ्रेमवर्क यांतील फरक होय. विद्यार्थी दोन रकाने आखतो, ‘जड’ व ‘हलके’, ‘महाग’ व ‘मोफत’ अशा जोड्या लिहितो आणि गुण मिळवतो. प्रस्तुत लेखकानेही हा प्रश्न अनेकदा काढला आहे. मुलुंडचे आमचे विद्यार्थी पदवीनंतर खाडीपुलापलीकडे ऐरोलीत किंवा अंधेरीच्या सीप्झमध्ये मुलाखतीस जातात, तेव्हा हेच दोन रकाने सोबत नेतात. त्या रकान्यांची मांडणी मुळातच सदोष आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

अन्य विद्याशाखांतील सहकाऱ्यांसाठी प्रथम संज्ञा स्पष्ट केलेल्या बऱ्या. ॲप्लिकेशन सर्व्हर हे स्वतंत्रपणे चालणारे सॉफ्टवेअर असून त्यावर अनेक उपयोजने बसवता येतात. डेटाबेसच्या जोडण्या, व्यवहारांची अखंडता, संदेशांच्या रांगा, सुरक्षा या सेवा तो सर्वांना पुरवतो. वेबलॉजिक, वेबस्फियर, ग्लासफिश ही त्याची उदाहरणे. फ्रेमवर्क ही मात्र उपयोजनाच्या आत, त्याच्या कोडसोबतच राहणारी चौकट होय. स्ट्रट्स, स्प्रिंग, जँगो ही नावे त्या वर्गातील. म्हणजे एक इमारत आहे आणि दुसरे घरातील बांधकाम. त्यांच्यात स्पर्धा असण्याचे मूळ कारण नाही. स्ट्रट्समध्ये लिहिलेली कित्येक उपयोजने वेबलॉजिकवरच चालत असत.

वादाचा पूर्वेतिहास

ही स्पर्धा निर्माण कशी झाली? सन कंपनीने डिसेंबर १९९९ मध्ये जे-टू-ई-ई हे मानक प्रसिद्ध केले. त्यातील एंटरप्राइज जावाबीन्स हा भाग इतका क्लिष्ट होता, की साध्या नोंदीसाठीही अनेक फाइली लिहाव्या लागत. रॉड जॉन्सन यांनी २००२ मधील आपल्या ग्रंथात या क्लिष्टतेवर नेमके बोट ठेवले, आणि त्यासोबतच्या कोडमधून स्प्रिंग आकारास आले. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती मार्च २००४ मध्ये निघाली. जॉन्सन यांची टीका रास्त होती, याचा पुरावा प्रतिपक्षानेच दिला : २००६ च्या जावा ई-ई ५ मध्ये जावाबीन्सची मांडणी आमूलाग्र सोपी करण्यात आली.

तुलनेची दुसरी परंपरा मात्र कमी प्रामाणिक होती. सनच्या ‘पेट स्टोअर’ या नमुना उपयोजनाची आवृत्ती मायक्रोसॉफ्टने डॉट-नेटमध्ये लिहिली आणि आपल्या कोडच्या ओळी किती कमी, हे जाहीर केले. २००२ मध्ये त्याची वेगचाचणीही प्रसिद्ध झाली; तिचा खर्च मायक्रोसॉफ्टनेच उचलला होता. शिकवण्यासाठी केलेला नमुना शर्यतीत उतरवला गेला, हा जावापक्षाचा आक्षेप योग्यच होता. आपले दोन रकाने त्याच परंपरेतील आहेत. ओळी मोजता येतात आणि वेगही मोजता येतो, म्हणून तेच मोजले जाते.

एक प्रायोगिक अनुभव

काही वर्षांपूर्वी तृतीय वर्षाच्या एका गटाने पतसंस्थेच्या व्यवहारांचा प्रकल्प स्प्रिंगमध्ये केला. बचत खात्यातील पाच हजार रुपये कर्जखात्यात वर्ग करावयाचे होते. वाणिज्य शाखेचे सहकारी जाणतात की नावे आणि जमा या दोन्ही नोंदी झाल्या पाहिजेत, अथवा एकही होता कामा नये. कर्जखाते बंद असताना चाचणी घेतली, तेव्हा बचत खात्यातून रक्कम वजा झाली आणि कोठेच जमा झाली नाही. विद्यार्थ्यांनी निष्कर्ष काढला, की फ्रेमवर्क मोठ्या व्यवहारांस अपुरे आहे आणि येथे ॲप्लिकेशन सर्व्हरच हवा. पाठ्यपुस्तकही तेच सुचवीत होते.

तोच भाग ग्लासफिशवर जावाबीन्समध्ये लिहून पाहिला. रक्कम पुन्हा गहाळ झाली! कारण दोन्हीकडे नियम एकच आहे : जावातील ‘चेक्ड’ प्रकारचा अपवाद उद्भवल्यास व्यवहार आपोआप मागे घेतला जात नाही, तसे स्पष्टपणे सांगावे लागते. स्प्रिंगने हा संकेत जावाबीन्सकडूनच उचललेला आहे. रकान्यांत दोन टोकांना असलेली ही तंत्रे नेमक्या मर्मस्थळी सख्खी भावंडे निघाली. दोन वेगळ्या डेटाबेसांतील व्यवहार एकसंध ठेवणे ही सर्व्हरची खरी जमेची बाजू आहे, हे नाकारता येत नाही; परंतु पतसंस्थेचा डेटाबेस एकच होता.

सीप्झचे उदाहरण

मग निवड कशाच्या आधारे करावी? उत्तरासाठी फार दूर जावे लागत नाही. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सीप्झमधील सिटिकॉर्पच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या परंपरेतून जी कंपनी पुढे आली, तिने १९९७ मध्ये फ्लेक्सक्यूब ही बँकिंग प्रणाली बाजारात आणली. हीच कंपनी २००० पासून आय-फ्लेक्स सोल्युशन्स म्हणून ओळखली गेली. २००५ मध्ये ओरॅकलने तीत मोठा हिस्सा घेतला आणि २००८ मध्ये ती ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर झाली. फ्लेक्सक्यूबच्या जावा-आधारित आवृत्त्यांच्या स्थापनापुस्तिकांत वेबलॉजिक व वेबस्फियर या सर्व्हरांसाठी स्वतंत्र सूचना आढळतात.

असे का असावे? ही प्रणाली मुंबईत लिहिली जाते, पण चालते अनेक देशांतील बँकांच्या यंत्रणांवर. ती चालवणाऱ्यांनी तिच्या कोडची एकही ओळ लिहिलेली नसते. त्यांना हवा असतो ओळखीचा, पुस्तिका असलेला, तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक असलेला मंच. लिहिणारा आणि सांभाळणारा भिन्न असल्याने येथे सर्व्हर योग्य ठरतो. अर्थात त्याचे मोलही द्यावे लागते. ओरॅकलने २००८ मध्ये वेबलॉजिकची निर्माती बी-ई-ए ही कंपनी विकत घेतली, तेव्हा प्रणाली, सर्व्हर आणि डेटाबेस हे तिन्ही एकाच मालकाच्या पेढीवरून मिळू लागले. ग्राहकाने घासाघीस कोणाशी करावी?

याउलट, एप्रिल २०१४ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूटने सर्व्हरच उपयोजनाच्या पोटात बसवला. ज्या गटाचा कोड त्याच्याच हाती राहतो, त्याला ही सोय अमोल आहे. पण स्प्रिंग बूटच्या एका आवृत्तीचा मोफत आधार साधारण एका वर्षाचा असतो, आणि दुरुस्त्या लावण्याचे काम त्या गटावरच येते. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमापन संस्थेत २०१७ साली सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती फुटली, ती स्ट्रट्समधील एका त्रुटीतून. दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती. ती लावली गेली नव्हती.

आमच्या परिचयाच्या एका संस्थेत प्रवेशनोंदणीचे सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांकडून फ्रेमवर्कमध्ये करून घेण्यात आले. काम उत्तम झाले होते. ती तुकडी बाहेर पडली आणि दोन वर्षांत आवृत्ती वाढवणारे कोणी उरले नाही. संस्था पुन्हा एक्सेलवर आली. तंत्राची निवड चुकली, असे तेव्हा सर्वांनी म्हटले. मुळात तो कोड पुढे कोणाचा, हे कोणी विचारलेच नव्हते.

अभ्यासक्रमाविषयी

मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. माहिती तंत्रज्ञानाच्या तृतीय वर्षाला २०१८-१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात ‘एंटरप्राइज जावा’ आणि ‘नेक्स्ट जनरेशन टेक्नॉलॉजीज’ यांपैकी एक विषय निवडावयाचा होता. एकात सर्व्लेट, जावाबीन्स, हायबरनेट. दुसऱ्यात मोंगोडीबी, नोड. दुसऱ्या विषयाच्या नावातच पहिल्याला ‘मागील पिढी’ ठरवले गेले. विद्यार्थ्यांचा कल कोणीकडे जाणार, हे सांगावयास नको.

वस्तुस्थिती मात्र पिढ्यांच्या या उतरंडीत बसत नाही. जावा ई-ई २०१७ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्याचे ठरले, पुढे ते जकार्ता ई-ई झाले आणि डिसेंबर २०२० च्या आवृत्तीत त्यातील पॅकेजांचे ‘जावाएक्स’ हे उपपद बदलून ‘जकार्ता’ करण्यात आले. सर्व्हरच्या जगातील ही अंतर्गत घडामोड वाटेल. पण नोव्हेंबर २०२२ मधील स्प्रिंग ६ वर येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या कोडमधील त्या ओळी बदलाव्या लागल्या. सर्व्हरपासून मुक्त झाल्याचे सांगणारी फ्रेमवर्क आजही सर्व्हरच्याच मानकावर उभी आहे.

या अनुषंगाने प्रात्यक्षिक परीक्षेत एक बदल करून पाहण्याजोगा आहे. विद्यार्थ्यास नवे उपयोजन लिहावयास सांगण्याऐवजी मागील तुकडीचा, लिहिणारा हाताशी नसलेला प्रकल्प द्यावा. त्यातील जुनी आवृत्ती वाढवावयास लावावी. आणि ती वाढवताना सर्व्हरने कोणते काम केले व कोणते त्याच्या स्वतःच्या माथी आले, ते दोन तासांत लिहून घ्यावे. रकाने आखावयाचे असतील तर ते त्यानंतर आखावेत.