ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे

‘द एडिटर’ (2014) या कॅनेडियन चित्रपटात पात्रं बोलतात, पण त्यांचे ओठ आणि त्यांचा आवाज यांची गाठ पडत नाही. वाक्य संपतं तरी तोंड हलत राहतं. विनिपेगच्या ‘अ‍ॅस्ट्रॉन-6’ मंडळीतले अ‍ॅडम ब्रूक्स आणि मॅथ्यू केनेडी यांनी हा दोष मुद्दाम, मेहनतीनं घडवला आहे. इटालियन ‘जाल्लो’ चित्रपटांचं हे विडंबन आहे, आणि त्यातला सर्वांत हमखास विनोद भाषांतराच्या जिवावर उभा आहे. म्हणून भाषांतर करणाऱ्यानं त्याच्याकडे जरा रोखून पाहायला हवं.

‘जाल्लो’ म्हणजे पिवळा. मोंदादोरी या प्रकाशन संस्थेनं 1929 पासून रहस्यकथांची माला पिवळ्या वेष्टनात काढली आणि रंगाचं नावच प्रकाराला चिकटलं. मराठीत शब्दशः जाऊन चालायचं नाही. आपल्याकडे पिवळी पुस्तकं म्हटलं की वेगळंच काही हाती येतं. पडद्यावर हा प्रकार मारिओ बावा यांनी 1963-64 च्या सुमारास रुजवला आणि 1970 नंतर दारिओ अर्जेंतो यांनी गाजवला. काळे हातमोजे, वस्तरा, भडक रंग, देखणे बळी ही झाली त्याची बाह्य खूण. गाभा मात्र वाचनाचा आहे. अर्जेंतो यांच्या पहिल्या चित्रपटातला अमेरिकन लेखक रोममध्ये एक हल्ला डोळ्यांनी पाहतो आणि त्याचा अर्थ चुकीचा लावतो. ‘प्रोफोंदो रोस्सो’मधल्या (1975) पियानोवादकाला खुन्याचा चेहरा दिसलेला असतो, पण त्याला ते भिंतीवरचं चित्र वाटतं. पुरावा समोर आहे, वाचक कमी पडतो.

‘द एडिटर’ला हा गाभा ठाऊक आहे. त्याचा नायक रे सिझो हा चित्रपट-संकलक. अपघातात त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली आहेत आणि तिथे लाकडी बोटं बसवली आहेत. तो ज्या चित्रपटाचं संकलन करतो आहे त्यातले नट मारले जातात आणि प्रेतांची नेमकी तीच बोटं तुटलेली सापडतात. तपास करणारा इन्स्पेक्टर पोर्फिरी हे नाव दस्तयेव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’मधून उचललेलं. कापणं हाच ज्याचा धंदा, त्याच्यावर कापण्याचा आळ येणं ही कल्पना नामी आहे. भाषांतरकारासारखाच संकलकही काम चोख झालं की दिसत नाही. बिघडलं की सगळी बोटं त्याच्याकडे वळतात.

आता त्या ओठांकडे येऊ. त्या काळी इटलीत आवाज चित्रीकरणाच्या वेळी क्वचितच पक्का होई. देशोदेशीचे नट आपापल्या भाषेत बोलत आणि नंतर स्टुडिओत सगळ्यांना आवाज चढवले जात. इंग्रजी आवृत्ती डब केलेली, तशीच इटालियन आवृत्तीही. म्हणजे ‘मूळ’ म्हणून बोट दाखवावं असा आवाज बहुधा कुठेच नव्हता. विडंबनकार हसतात ते इंग्रजी ध्वनिपट्टीला, कारण उत्तर अमेरिकेतल्या पिढीला हे चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर त्याच आवाजात भेटले. म्हणून हे इटालियन चित्रपटांपेक्षा एका परभाषिक प्रेक्षकाच्या आठवणीचं विडंबन आहे. त्यात तुच्छता नाही, लाड आहेत. ‘गॉब्लिन’चे क्लाउदिओ सिमोनेत्ती यांनी त्याच्या संगीताला हातभार लावला, हेही त्या लाडांना शोभणारंच.

अडचण येते ती बायकांपाशी. जाल्लोतल्या स्त्रीद्वेषावर बोट ठेवण्यासाठी ‘द एडिटर’मधले पुरुष ऊठसूट बायकांच्या थोबाडीत मारतात. पहिल्या वेळी आपण मारणाऱ्याच्या मूर्खपणाला हसतो. पण चौथ्या-पाचव्या वेळी लक्षात येतं, की मार खाणारीला या चित्रपटात काम तेवढंच आहे: मार खाणं, कपडे उतरवणं, मरणं. इन्स्पेक्टरची बायको प्रेत पाहून आंधळी होते, आणि तोही विनोदच. हिंसेला अवतरणचिन्हं लावली म्हणून तिचा अर्थ बदलत नाही. ज्याची चेष्टा करायची त्याचीच गरज लागत असेल, तर ते विडंबन नक्कल होऊन बसतं.

याच्या दोन वर्षं आधीचा पीटर स्ट्रिकलंड यांचा ‘बर्बेरियन साउंड स्टुडिओ’ (2012) शेजारी ठेवून पाहावा. टोबी जोन्सनं उभा केलेला इंग्रज ध्वनितंत्रज्ञ गिल्डरॉय इटलीत एका भयपटासाठी आवाज करायला येतो. त्याला इटालियन येत नाही. त्या भयपटाची श्रेयनामावली सोडली तर आपल्याला त्यातलं एकही दृश्य दिसत नाही. दिसतात चिरडली जाणारी कलिंगडं, चिरले जाणारे कोबी आणि बंद काचेआड पुन्हा पुन्हा किंचाळायला लावलेल्या बायका. हसू इथेही येतं, पण ते घशात अडकतं. यातल्या सिल्व्हियाचा दिग्दर्शक गैरफायदा घेतो, तेव्हा ती आपल्या आवाजाच्या फिती नासवून निघून जाते. पुढे गिल्डरॉयच्याच तोंडून डब केलेलं इटालियन बाहेर पडतं. ओठ आणि आवाज यांची तीच फारकत इथे एका माणसाची भाषा हिरावून घेते.

दोन्ही चित्रपटांनी जाल्लोचं भाषांतरच केलं आहे. ‘द एडिटर’नं शब्द न् शब्द उतरवला, ढंग अचूक पकडला, आणि मूळची खोडही जशीच्या तशी आणली. स्ट्रिकलंडनी जवळजवळ सगळं गाळलं आणि मूळात कोणी न विचारलेला प्रश्न विचारला: किंकाळी कोणाची, आणि तिच्यावर हक्क कोणाचा? हसायचं असेल तर पहिला जरूर पाहावा, अर्जेंतोचे एक-दोन चित्रपट पाहून झाल्यावर. पण जाल्लो नव्या भाषेत आणताना काय सोडून द्यावं, हे शिकायचं असेल तर दुसऱ्याकडेच जावं लागेल.