बारुंगाचं निवेदन : शब्द मागतात, चित्र सांगतं

जुना कागद हाती आला की आपल्या मंडळातली जाणती माणसं आधी शिक्का-मोर्तब बघतात, मग मजकूर. ऑस्ट्रेलियातलं १९८८ चं ‘बारुंगा निवेदन’ही तसंच वाचायला हवं. तिथल्या सरकारने मात्र मजकूर तेवढा वाचला आणि शिक्का भिंतीला टांगला.

१२ जून १९८८ रोजी नॉर्दर्न टेरिटरीतल्या बारुंगा इथे गलारवुय युनुपिंगू आणि वेन्टन रुबुन्त्जा यांनी हा फलक पंतप्रधान बॉब हॉक यांना दिला. मधे इंग्रजी मजकूर, भोवती चित्रं. मजकुरात मागण्या आहेत : जमिनीचे हक्क, गेलेल्या जमिनीची भरपाई, पूर्वजांच्या अस्थी परत, आणि आदिवासींची मूळ मालकी व सार्वभौमत्व मान्य करणारा तह.

आता चित्रं बघा. आर्नहेम लँडच्या योलंगू लोकांची बारीक रेघांची शैली त्यात आहे, मध्य वाळवंटातल्या लोकांचीही आहे. योलंगूंमध्ये कुठल्या कुळाने कुठली नक्षी काढायची हे ठरलेलं असतं, कारण ती नक्षी त्या कुळाच्या जमिनीशी बांधलेली असते. म्हणजे ही एक प्रकारची सनदच. १९६३ मध्ये बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध यिरकालाहून संसदेला अर्ज गेले, तेही असेच, झाडाच्या सालीवर चित्रांच्या चौकटीत.

निवेदनाची ताकद इथे आहे, आणि माझ्या मते उणीवही इथेच. चित्र म्हणतं, ‘ही जमीन आमची’. शब्द म्हणतात, ‘आम्हाला द्या’. मागणारा अर्जदार ठरतो, आणि तह अर्जदाराशी होत नसतो, बरोबरीच्याशी होतो. सालबाईचा तह (१७८२) ठाऊक असलेल्या ग्वाल्हेरकरांना हे वेगळं सांगायला नको.

हॉक यांनी तहाचं वचन दिलं, पण तह काही झाला नाही. १९९१ मध्ये कायद्याने नेमली गेली ती समेटासाठीची परिषद, दहा वर्षांच्या मुदतीची. शब्द बदलला तसं कामही बदललं. तहात कोण काय देणार हे लिहावं लागतं. समेट नुसत्या सदिच्छेवरही चालतो. त्याच डिसेंबरात पद सोडता सोडता हॉक यांनी हा फलक संसदभवनात लावला.

पुढे २००६ मध्ये गलारवुय यांनी फलक परत घेऊन पुरून टाकण्याची भाषा केली. लोकांना त्यात वैताग दिसला असेल. मला ते या निवेदनाचं सगळ्यात नेमकं वाचन वाटतं : सनद पाळायची नसेल, तर ती ज्याची त्याला परत द्यावी.