बल्ब ‘लागला’ म्हणजे नेमकं काय झालं?

व्हेरिटासियम या यूट्यूब चॅनेलवर डेरेक म्युलरचा विजेबद्दलचा एक व्हिडिओ नोव्हेंबर २०२१ मध्ये आला होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो बघितला असेल. नसेल बघितला, तरी ऊर्जा तारेतून वाहतच नाही, हा त्यातला मुद्दा कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकला असेलच. नेट-गेटच्या तयारीच्या ग्रुपवर तर तो अधूनमधून कुणीतरी टाकतोच. पीएचडीच्या मुलाखतीत तुम्ही हे वाक्य टाकलंत, तर समोरचा खूश होईलही. पण त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला आहे: ‘मग तार कशाला लागते?’ त्या प्रश्नाला हा व्हिडिओ तुम्हाला तयार करतो का, हे आपण बघू.

आधी कोडं. एक बॅटरी, एक स्विच, एक बल्ब. बॅटरी आणि बल्ब यांच्यात अंतर फक्त एक मीटर. पण त्यांना जोडणाऱ्या दोन तारा प्रत्येकी तीन लाख किलोमीटर लांबीच्या. एक डावीकडे, एक उजवीकडे, चंद्राच्या निम्म्या वाटेपर्यंत जाऊन परत येणारी. तारांना रोध शून्य. स्विच दाबल्यावर बल्ब किती वेळात लागेल? पर्याय अर्धा सेकंद, एक सेकंद, दोन सेकंद, ‘एक भागिले सी’ सेकंद आणि यापैकी काहीही नाही. म्युलरचं उत्तर चौथं. म्हणजे एक मीटर जायला प्रकाशाला लागतो तेवढा वेळ, साधारण ३.३ नॅनोसेकंद. (‘एक भागिले सी सेकंद’ या लिहिण्यात मिती जुळत नाहीत. वरचा ‘एक मीटर’ गिळलाय. बारावीच्या पेपरात याचे मार्क जातात.)

हे उत्तर चूक नाही, हे आधी सांगून टाकतो. कॉमेंटमध्ये तुटून पडलेल्या अनेकांचा सूर ‘माहिती प्रकाशापेक्षा वेगानं कशी जाईल’ असा होता, आणि तो आक्षेपच चुकीचा आहे. काहीही प्रकाशाहून वेगानं गेलेलं नाही. स्विच बंद होताच बॅटरीजवळच्या तारांवरचे पृष्ठभार बदलतात, तो बदल क्षेत्रातून एक मीटर पलीकडच्या तारेला जाणवतो आणि तिथले इलेक्ट्रॉन हलतात. चंद्राकडे गेलेल्या तारेचं टोक जोडलेलं आहे की तुटलेलं, हे या पहिल्या हालचालीला माहीतच नसतं.

माझी तक्रार वेगळीच आहे. कोडं सांगताना म्युलर एक अट घालतो: प्रवाह आला की बल्ब लगेच लागतो. ऐकताना ही अट निरुपद्रवी वाटते, सोय म्हणून घातलेली. पण सगळं उत्तर त्या अटीवर उभं आहे. ‘लागतो’ म्हणजे किती प्रवाहाला लागतो?

हिशोब करून बघू. एक मीटर अंतरावरच्या दोन समांतर तारा, प्रत्येकीचा व्यास २ मिलिमीटर धरा. अशा जोडीला ट्रान्समिशन लाइन मानलं तर तिचा अंगभूत रोध, म्हणजे कॅरॅक्टरिस्टिक इम्पीडन्स, साधारण ८३० ओहम निघतो. डावी-उजवी अशा दोन लाइन एकसरीत आहेत, म्हणजे १६६० च्या आसपास. बल्ब घ्या १२ व्होल्ट, ६ वॅटचा. त्याचा रोध २४ ओहम (फिलामेंट थंड असताना तो कमी असतो, ते सध्या सोडून देऊ). नेहमीच्या सर्किटमध्ये या बल्बमधून अर्धा अँपिअर जातो. इथे ३.३ नॅनोसेकंदांनंतर जो सुरू होतो तो १२ भागिले १६८४, म्हणजे सुमारे ७ मिलीअँपिअर. सत्तर पट कमी. शक्ती वर्गाच्या हिशोबानं जाते, त्यामुळे बल्बला मिळते ती त्याच्या वॅटेजच्या जवळजवळ पाच हजाराव्या भागाइतकी. काळोख्या खोलीत डोळे ताणूनही काही दिसणार नाही.

मग पूर्ण उजेड कधी? लाट टोकापर्यंत जाते, परावर्तित होते, एका सेकंदानं मध्यावर परत येते आणि प्रवाह एक पायरी वर चढतो. पुढच्या सेकंदाला आणखी एक. सगळ्या तारेचं इंडक्टन्स साधारण ८३० हेन्री भरतं; त्याला २४ नं भागलं की ३५ सेकंद येतात. म्हणजे प्रवाह अंतिम किमतीच्या ६३ टक्क्यांवर पोचायलाच अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ. हे उत्तर पर्यायांमध्ये कुठेच नाही!

मेणबत्तीसारखा मंदपणे उजळत जाणारा हा बल्ब मला त्या कोड्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, आणि पहिल्या व्हिडिओत तोच नाही. म्युलरनं २०२२ मध्ये दुसरा व्हिडिओ केला, छोट्या आकारात प्रयोग केला, ट्रान्समिशन लाइनचं चित्र मांडलं. तो व्हिडिओ पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. फरक इतकाच की पहिला लोकांनी एकमेकांना पाठवला आणि दुसरा ज्यांना शंका आली त्यांनीच शोधून बघितला.

तुम्हाला वाटेल, चंद्रापर्यंतच्या तारा कोण टाकतंय. पण हाच प्रकार तुमच्या घरात आहे. जिन्यातला किंवा बेडरूममधला एलईडी बल्ब स्विच बंद केल्यावरही मिणमिणतो, किंवा थोड्या थोड्या वेळानं लुकलुकतो. बघितलंय ना? पुष्कळदा त्याचं कारण स्विचमधला छोटा इंडिकेटर असतो. तो नसेल तर कारण भिंतीतल्या पाइपात आहे. बोर्डापासून बल्बपर्यंत आलेली तुटलेली तार कायम चालू असलेल्या फेजच्या तारेला मीटरभर नाही, मिलिमीटरभर अंतरानं समांतर धावत असते. दहा मीटर लांबीत त्यांच्यात काहीशे पिकोफॅरड कपॅसिटन्स सहज जमतो. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून काही दहा मायक्रोअँपिअर प्रवाह जातो. स्विच उघडा, सर्किट ‘तुटलेलं’, तरी प्रवाह आहे. एलईडीच्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर हा प्रवाह साठवत राहतो, भरला की बल्ब एकदा चमकतो. तिथेच जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब लावा. प्रवाह साधारण तेवढाच, उजेड शून्य.

आता सांगा, स्विच बंद असताना बल्ब लागतो की नाही? उत्तर बल्बवर आहे.

टेस्टरचंही तेच. लाकडी स्टुलावर रबरी चप्पल घालून उभा असलेला वायरमन फेजला टेस्टर लावतो आणि निऑन लागतो. शाळेतल्या व्याख्येप्रमाणे तिथे बंद परिपथच नाही. पण माणसाचं शरीर आणि जमीन यांच्यात शंभर पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स असतो, त्यातून पाच-सात मायक्रोअँपिअर जातात आणि निऑनला अंधुक दिसण्यापुरते ते पुरतात.

राहिलं ते ‘ऊर्जा तारेतून जात नाही’. हे पॉइंटिंगनं १८८४ मध्ये मांडलं आणि ते बरोबर आहे. तारेच्या आत शिरते ती ऊर्जा तार तापवण्यात खर्च होणारी. पण म्युलरची मांडणी फार खास निवडलेली आहे, हे लक्षात घ्या. त्याच्या डाव्या बाजूच्या जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या तारा मुळात एकच तार आहेत, रोध शून्य, म्हणून स्थिर अवस्थेत दोघींचं विभव सारखंच. उजवीकडेही तसंच. त्यामुळे सगळं स्थिरावल्यावर चंद्राच्या दिशेनं ऊर्जा जातच नाही. ती मधल्या एक मीटरच्या मोकळ्या जागेतून पलीकडे जाते. हे खरं आहे, पण ते या आकृतीचं वैशिष्ट्य आहे. तुमच्या घरात बॅटरी बल्बच्या शेजारी नसते. ट्रान्सफॉर्मर गल्लीच्या टोकाला असतो आणि तिथून फेज-न्यूट्रल जोडीनं येतात. ऊर्जा येते ती त्या दोघींच्या मधल्या आणि लगतच्या पट्ट्यातून, तार वळली की वळत. दोन्ही तारा एकत्र धरून क्लॅम्प मीटर लावलात तर तो शून्य दाखवतो, कारण बाहेर क्षेत्र जवळजवळ उरतच नाही. पॉवर लाइनबद्दल म्युलर बोलतो, पण बघणाऱ्याच्या डोक्यात राहतं ते चित्र ऊर्जा तारांना न जुमानता थेट उडी मारते, असं. मुलाखतीतल्या ‘मग तार कशाला’चं उत्तर नेमकं इथे आहे: वाट कुठून जाणार ते तारेवरचे भार आणि तारेतला प्रवाह ठरवतात.

व्हिडिओतला इतिहासही मला खटकला. १८५८ ची अटलांटिकखालची तार, तिच्यात संदेश पसरट होऊन पोचणं, आणि मग थॉमसन नळीतल्या पाण्यासारखा विचार करणारा तर हेविसाइड क्षेत्रांच्या बाजूचा, अशी जोडी लावली आहे. थॉमसनवर हा अन्याय आहे. त्याच्या १८५५ च्या सिद्धांतात तारेभोवतीच्या गटापर्चाच्या आवरणाचा कपॅसिटन्स अगदी मध्यभागी होता आणि त्या मागे फॅरडेचं काम होतं. आवरणात साठणारा भार मोजणाऱ्या माणसाला ‘फक्त तारेच्या आत बघणारा’ कसं म्हणायचं? त्याच्या गणितात इंडक्टन्स नव्हतं, ते हेविसाइडनं १८७६ मध्ये आणलं. पाण्याखालच्या त्या संथ तारेसाठी थॉमसनचं समीकरण बऱ्यापैकी पुरेसंही होतं; विलंब लांबीच्या वर्गानं वाढतो हे त्यातूनच निघालं. ती तार काही आठवड्यांत मेली, त्यात व्हाइटहाउस या पेशानं डॉक्टर असलेल्या विद्युततज्ज्ञानं दिलेल्या अवाढव्य व्होल्टेजचा मोठा हात होता. थॉमसनचं म्हणणं तर कमी व्होल्टेज आणि नाजूक उपकरण वापरा, असं होतं. शोधनिबंधाच्या पहिल्या प्रकरणात आपण सगळेच ‘आधीच्यांना कळलं नव्हतं’ अशा थाटात लिहितो, म्हणून हे जरा लांबवलं.

वरचा हिशोब आता तुम्ही करा, फक्त बल्बचा रोध २४ ऐवजी १६६० ओहम घ्या. पहिल्या ३.३ नॅनोसेकंदांनंतर निम्मा प्रवाह मिळतो आणि बरोबर एका सेकंदानंतर पूर्ण. म्हणजे या बल्बासाठी चौथा पर्याय बरोबर, आणि ‘पूर्ण उजेड’ म्हटलंत तर दुसराही. परावर्तित लाट मध्यावर आल्यावर पुन्हा का उलटत नाही, हे कागदावर काढून बघा.