नाव यादीचं, चाल दिंडीची

तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना संगणकाच्या कोडचं काय, असं आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल. पण समीक्षा फक्त कवितेचीच होते असं नाही. ज्या मजकुरात एक माणूस दुसऱ्याला काही वचन देतो, त्याची समीक्षा करता येते, आणि कोड हा तसाच मजकूर आहे.

आपण दापोडीत बसलो आहोत, तर उदाहरण इथलंच घेऊ. तुकोबांची पालखी आकुर्डीहून पुण्याला जाताना आपल्या दारावरून, हॅरिस पुलावरून जाते. रस्त्याकडेला उभ्या माणसाला दिंड्या एकामागून एक दिसतात. ‘पुढची आली का?’ एवढंच तो विचारू शकतो. पण दिंड्यांना रथापुढचे आणि रथामागचे क्रमांकही असतात, आणि ती यादी ज्याच्या हातात आहे त्याला ‘एकूण किती?’ आणि ‘चाळिसावी कोणती?’ याचं उत्तर बसल्या जागी देता येतं. रस्त्यावरचा माणूस म्हणजे इटरेटर, यादीवाला म्हणजे नोडलिस्ट. पहिल्याचं वचन ‘अजून एक आहे’ इतकंच असतं. दुसऱ्याचं वचन ‘सगळं इथे आहे’ असं असतं.

आता मूळ मजकुराकडे येऊ. एक्सएमएल म्हणजे पेटीत पेटी ठेवावी तशी रचलेली माहिती. आपल्या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांची टॅलीमधली बिलं याच रूपात आत-बाहेर करता येतात. यातली प्रत्येक पेटी म्हणजे ढोबळमानाने एक नोड. 1998 साली डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने नोडलिस्टची व्याख्या केली, ती दोनच प्रश्नांची: लांबी किती आणि अमुक क्रमांकावर कोण. 1999 साली एक्सपाथ आलं. त्याचं उत्तर होतं नोडसेट, म्हणजे संच, आणि संचाला क्रम नसतो. 2004 च्या जावा 5 मध्ये गंमत अशी झाली की मागायचं ‘नोडसेट’ या नावाने आणि हातात पडते नोडलिस्ट. अपाचे झॅलनमध्ये डोकावलं तर तिथे असतो इटरेटर, वर ‘डीटीएम-नोडलिस्ट’ नावाचं आवरण घातलेला. एकाच वस्तूला तीन नावं, आणि तिन्ही नावांचे अर्थ वेगळे!

हे आवरण काय करतं? तयार होतानाच ते इटरेटरची एक प्रत घेतं, तिला नोड लक्षात ठेवायला सांगतं आणि शेवटपर्यंत पळवतं. पहिल्या वाचनात आम्ही यालाच दोष दिला होता. एकेक घेण्यात स्मृतीची जी बचत होते, ती इथे सगळी गेली. मग इटरेटर ठेवला कशाला?

दुसऱ्या वाचनात आमचं मत बदललं. समजा आवरणाने काहीच साठवलं नाही आणि दरवेळी पहिल्यापासून मोजलं. मग हजार नोडची यादी क्रमांकाने वाचायला 5,00,500 पावलं पडतील. त्यापेक्षा एकदाच चालून किंमत मोजलेली बरी. जो यादीचं वचन देतो त्याने आधी यादी करावी, हा प्रामाणिकपणाच आहे.

खरा दोष दुसरीकडे आहे, आणि तो कारखान्याच्या हिशेबापर्यंत पोचतो. मूळ व्याख्येतली नोडलिस्ट जिवंत असते. दस्तऐवज बदलला की यादीही बदलते. समजा रद्द झालेली चार बिलं खुणेच्या नावाने शोधली आणि शून्य क्रमांकापासून पुढे जात एकेक काढून टाकलं. पहिलं काढताच बाकीची एक घर मागे सरकतात, आपण मात्र पुढे गेलेलो असतो. शेवटी चारांतली दोनच जातात. आता तीच चार बिलं एक्सपाथने शोधा. तोच प्रकार, तोच लूप, पण चारही जातात, कारण ही यादी गोठवलेली असते. बाहेरून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही, दोन्हींवर पाटी ‘नोडलिस्ट’चीच. चूक झाली तरी संगणक तक्रार करत नाही. तक्रार येते ती वर्षअखेरीला हिशेब लागत नाही तेव्हा.

एक गोष्ट मात्र कौतुकाने सांगितली पाहिजे. त्या आवरणाच्या लेखकाने कोडमधल्या टिपेतच कबूल केलंय की हा प्रकार त्याला स्वतःला पसंत नाही, एक्सपाथवाल्यांना हवा म्हणून केला. आमच्या मते त्या फाइलमधला हा सगळ्यात चांगला भाग. दुर्दैव असं की वापरणाऱ्याच्या हातात टीप पडत नाही, फक्त नाव पडतं. म्हणून कबुली नावातच हवी होती.

2017 च्या जावा 9 मध्ये ‘एक्सपाथ-नोड्स’ हा वेगळा प्रकार आला. एकेक घेता येतं, संख्याही विचारता येते, आणि जिवंत यादीचं नाव उसनं घेतलेलं नाही. ही सुधारणा आम्हांला योग्य वाटते.

तुम्ही स्वतः असं आवरण लिहाल तेव्हा आधी ठरवा, वापरणाऱ्याला खरोखर लांबी हवी आहे का? नसेल तर इटरेटरच द्या. हवी असेल तर पूर्ण नक्कल करा आणि ती नक्कल आहे हे नावातच सांगा. आणि जिवंत यादीतून काही काढायचं असेल तर शेवटाकडून सुरुवात करा.

बाकी तुमचे प्रश्न.