पेटी आणि पेटीतली वाद्ये

गेल्या नवरात्रापूर्वी सुरतेत, कतारगामला, सप्तशृंगीच्या एका गीताचे ध्वनिमुद्रण ऐकण्याचा योग आला. खाली हिऱ्यांना पैलू पाडण्याचा कारखाना आणि घंट्यांची अखंड घरघर. वर दुसऱ्या मजल्यावर जाड फोमने भिंती मढविलेली एक लहानशी खोली. गाणारा गृहस्थ मूळचा खानदेशातला, सुरतेच्या मागांवर उभी हयात घालविलेला. आवाज रुंद, कडेला किंचित फाटलेला, गोंधळाला शोभेल असा. त्याच्यावाचून त्या खोलीत वाद्य म्हणून काहीही नव्हते. संबळ, तुणतुणे, झांज, मध्येच डोकावणारी सनई आणि या सर्वांवर पसरलेला गाभाऱ्याचा घुमारा, हे सारे एका संगणकातून निघत होते. गीत संपले तेव्हा ते वाईट झाले असे मला म्हणवेना, आणि चांगले झाले असे म्हणण्यासही जीभ रेटेना. ही अडचण कशाची, याचा शोध घ्यावा म्हणून हे लिहीत आहे.

संगीताच्या संगणक-प्रणालीला जोडावयाच्या या लहान आज्ञावलींना प्लग-इन म्हणतात. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली आपल्या क्यूबेस प्रणालीत व्हीएसटी नावाची जोडणीची पद्धत आणली, तेव्हा तिचा उपयोग प्रतिध्वनीसारख्या परिणामांपुरता होता; १९९९ साली तिच्यातून वाद्येही वाजू लागली. आज या धंद्यातले लोक, सारे काम पेटीतच झाले, असे म्हणतात. पेटी म्हणजे संगणक. मराठी कानाला मात्र पेटी म्हटले की हार्मोनियमच आठवते, आणि तिच्यावर चाललेला खटलाही आठवतो.

त्या खटल्यातला आरोप असा होता की, पेटीचे बारा स्वर समान अंतरावर ठोकून बसविलेले. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येत नाहीत, म्हणून ती आपल्या संगीताला परकी. आकाशवाणीने १९४० साली तिला दारच बंद केले, आणि ते किलकिले व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. तोवर आमच्या रंगभूमीने आणि बैठकीने तिला कधीच घरात घेतले होते. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकाने भास्करबुवा बखल्यांच्या गाण्यामागे ती धरली, तेव्हा तिचे दोष नाहीसे झाले नव्हते; दोष ओळखून बोटांनी त्यांतून वाट काढली होती. कोणता स्वर नुसता स्पर्शून सोडायचा, कोठे भात्याचा दाब कमी करायचा, कोठे गायकाला वाट देऊन गप्प बसायचे, हे शहाणपण वाद्यात नसते, वादकात असते.

आता कतारगामच्या सनईकडे वळू. येथे प्रकार नेमका उलट आहे. पेटीला मींड जमत नव्हती. प्लग-इनला ती जमते. स्वर वाकविण्याचे चाक कीबोर्डावर असते, एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाण्याची सोय पुष्कळ वाद्यांत असते, काहींत स्वरस्थानेही आपल्या मनाप्रमाणे हलविता येतात. आकाशवाणीच्या त्या जुन्या फिर्यादीतली निम्मी कलमे अशी निकालात निघाली. पण मी ऐकलेली सनई पायरीपायरीने चढली आणि पायरीपायरीने उतरली, जणू जिन्यावरून कोणी ट्रंक खाली आणीत आहे. तिला वाकविण्याची सोय समोर असून कोणी तिला हात लावला नव्हता. गरीब पेटीला जे क्षम्य होते ते या श्रीमंत यंत्राला क्षम्य नाही.

संबळाची गोष्ट अधिक नाजूक आहे. असे वाद्य तयार करताना एखाद्या खऱ्या वादकाला बसवून त्याचा एकेक आघात हळू, मध्यम, जोरकस असा टिपून घेतात. एकाच जोराचेही अनेक नमुने घेतात, कारण तोच आघात हुबेहूब पुन्हा आला की कानाला तो तत्काळ खोटा वाटतो. या कामातली चिकाटी पाहून मन थक्क होते. येथल्या संबळाचा एकेक ठोका सुटा ऐकला तर शंका घ्यायला जागा नव्हती. पण तरुण तंत्रज्ञाने प्रत्येक ठोका पडद्यावरच्या रेघांच्या जाळीत अचूक नेऊन बसविला होता. गोंधळ्याचा संबळ असा चालत नाही. कथा तापली की तो किंचित पुढे झुकतो, देवीचे नाव आले की क्षणभर मागे रेलतो. हे झुकणे-रेलणे गाणाऱ्याच्या श्वासाशी बांधलेले असते. येथे गाणाराच जाळीशी बांधला गेला होता. दोन ठिकाणी तो सवयीने रेंगाळला. यंत्र त्याच्यासाठी थांबले नाही. मग त्याचा आवाज कापून पुढे सरकविण्यात आला. गीतातली सर्वांत जिवंत जागा अशी दुरुस्त झाली!

परिणामांपैकी गाभाऱ्याचा घुमारा मात्र मला मनापासून आवडला, हे कबूल केले पाहिजे. एखाद्या वास्तूत टाचणीसारखा तीक्ष्ण आवाज काढून तिचा प्रतिसाद टिपायचा आणि तो कोणत्याही ध्वनीवर चढवायचा, अशी ही युक्ती आहे. गाणारा त्या वास्तूत कधी उभा नव्हता, हा आक्षेप मी घेणार नाही. नाटकातला राजवाडाही रंगविलेल्या पडद्याचाच असतो. आवाजाचे स्वर सरळ करणाऱ्या ऑटो-ट्यूनबद्दल मात्र माझे मत कडक आहे. भूकंपलहरींवरून तेलाचा शोध घेणाऱ्या अँडी हिल्डेब्रँड यांनी ते १९९७ साली बाजारात आणले. त्या विद्येचा हा उपयोग चतुर खराच, पण खानदेशी गळ्याची कडा तासण्यासाठी तो करावा हे मला रुचत नाही. कडा हाच त्या गळ्याचा अलंकार होता.

गोव्याच्या वाचकाला यात एक जुनी वेदना ओळखू येईल. मुंबईच्या चित्रपटसंगीतात पाश्चात्य वाद्यमेळाची बांधणी ज्यांनी केली त्यांत गोमंतकीय वादक आणि संयोजक अग्रभागी होते. शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसोझांनी लिहिले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांचे नाव देशभर झाले ते १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गमतीदार पात्रामुळे, तेही शिष्य प्यारेलाल यांनी आठवण ठेवली म्हणून. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत अशा मंडळींना क्वचितच जागा मिळाली. पुढे सिंथेसायझर आले, आणि व्हायोलिनच्या रांगाच स्टुडिओतून उठल्या. तरी नमुने घेणे सर्वस्वी वाईट, असे मी म्हणणार नाही. गोव्याने २०१९ साली ज्याला वारसा-वाद्याचा मान दिला त्या घुमटावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणीत. वन्यजीव-कायद्याने ते बंद झाले आणि बकऱ्याचे आले. जुन्या घुमटाचा नाद कोणी नीट टिपून ठेवला असेल तर तो उपकारच होय.

टिपला, पण वाजविला कोणी? येथे माझ्यातला वकील जागा होतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली प्रयोग करणाऱ्या कलावंताचे हक्क आले. २०१२ साली ३८-ब कलमाने आपल्या प्रयोगावर आपले नाव असावे असे म्हणण्याचा अधिकारही त्याला मिळाला. परंतु वापराच्या पद्धतीमुळेच नाव गाळणे भाग पडत असेल तेथे हा अधिकार नाही, असा अपवाद त्याच कलमात आहे. दहा हजार नमुन्यांच्या संग्रहात नाव कोठे लिहावे, असे म्हणून हा अपवाद पुढे करता येईल. मुळात एका थापेला प्रयोग म्हणावे काय? माझ्या मते म्हणावे. व्याख्येत सादरीकरण प्रत्यक्ष असावे एवढे आहे. ते किती लांब असावे हे नाही. अर्थात हा वाद न्यायालयात जाण्यापूर्वीच संपतो, कारण वादकाने एकरकमी बिदागी घेऊन कागदावर सही केलेली असते. तसे दोन-तीन कागद माझ्याही नजरेखालून गेले आहेत. त्यांत वादकाला देण्यासारखे फारसे काही नव्हते.

खालच्या कारखान्याच्या मालकाशी उतरताना बोलणे झाले. ते खाणीतल्या हिऱ्यांबरोबर प्रयोगशाळेत वाढविलेलेही घासतात. दोन्ही कार्बनच, दोन्ही तेवढेच कठीण, नुसत्या डोळ्याला फरक न कळणारे. “मग लबाडी कशात?” मी विचारले. “न सांगण्यात,” ते म्हणाले, “आमच्याकडे पुडीवर लिहावे लागते.”

मी पुन्हा जिना चढून वर गेलो, आणि गीताच्या माहितीत गाणाऱ्याच्या नावाखाली संबळ वाजविणाऱ्याचेही नाव घालावे, अशी त्या तरुणाला विनंती केली. त्याला ती पटली. मुलगा सरळ स्वभावाचा होता. त्याने संग्रह उघडला, माहितीची पाने चाळली, एकामागून एक कप्पे उघडून पाहिले. शेवटी पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, “काका, इथे एवढेच आहे.” तेथे लिहिले होते : संबळ, डावा, जोरकस, तीन.