'रिडन्डंट' म्हणजे अनावश्यक काय?

सर्व्हरच्या जोडीतील दुसऱ्यास 'रिडन्डंट' म्हणतात, आणि कोशाच्या आधारे मराठीत त्याचे 'अनावश्यक' होते. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने हे भाषांतर सदोष आहे. 'ती मोठी नदी आटली' या वाक्यात स्त्रीलिंग तीनदा व्यक्त होते. एक खूण ऐकू आली नाही तरी उरलेल्या अर्थ सांभाळतात. शॅनन यांनी १९४८ साली इंग्रजीत असे आधिक्य सुमारे ५० टक्के मानले. म्हणून 'आधिक्य' हाच शब्द ग्राह्य.

परंतु आधिक्य राखावे लागते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सेवेत दुय्यम सर्व्हरवरील मागे पडलेली प्रत पुसून नव्याने उतरवावयाची होती. पुसला गेला मुख्य सर्व्हर, सुमारे ३०० जीबी. दोहोंच्या नावांत भेद एका अंकाचा! यंत्रांत आधिक्य होते, नावांत नव्हते. (ही चूक कोणाही दक्ष माणसाकडून व्हावी अशीच.) राखीव प्रतीही निघत नव्हत्या : डेटाबेसची आवृत्ती ९.६, प्रत काढणारे साधन मात्र ९.२ चेच चालत होते. आणि त्या अपयशाची सूचना देणाऱ्या ई-मेल नाकारल्या जात होत्या. अखेर कामी आली ती सुमारे सहा तासांपूर्वी निराळ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत. त्यानंतरच्या नोंदी गेल्या.