‘ना नफा’ या संज्ञेविषयी

सेवाभावी संस्थांच्या कारभाराचे शास्त्रशुद्ध शिक्षण ही कल्पना आपल्याकडे अगदीच नवी नाही. सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची पदव्युत्तर शाळा मुंबईत १९३६ साली निघाली आणि १९४४ साली तिला टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले. ग्रामीण संस्थांना व्यवस्थापक पुरविण्याच्या हेतूने १९७९ साली आणंद येथे स्वतंत्र संस्था स्थापन झाली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने १९८३ पासून या विषयाची निराळी पदव्युत्तर पदवीच देण्यास आरंभ केला. या शेवटच्या धर्तीवर आखलेल्या एका मराठी अभ्यासक्रमाचा मसुदा परिभाषेच्या तपासणीसाठी प्रस्तुत लेखकाकडे आला होता. त्यातील एका संज्ञेने जो अर्थविपर्यास केला आहे, त्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

मसुद्यात ‘नॉनप्रॉफिट’ या शब्दासाठी प्रथम ‘ना-नफा संस्था’ अशी योजना आहे. परंतु तिसऱ्या पृष्ठापासून तिचे ‘ना नफा ना तोटा तत्त्वावर चालणारी संस्था’ असे रूपांतर झालेले दिसते. हा मसुदाकारांचा निष्काळजीपणा आहे असे मला वाटत नाही. मराठीत ‘ना’ दोन प्रकारे येतो. एक फारसीतून आलेला उपसर्ग : नापसंत, नाराज, नालायक, नाउमेद. तो बहुधा वैगुण्य दाखवितो. दुसरा जोडीने येणारा : ‘ना धड हे, ना धड ते’. ‘ना-नफा’ हा शब्द पहिल्या घरात बसत नाही, कारण नफा नसणे हे येथे वैगुण्य म्हणून सांगावयाचे नसते. मग तो दुसऱ्या घराकडे ओढला जातो आणि ते घर जोडीदार मागते. जिभेने ‘ना तोटा’ आपण होऊन पुरविला, इतकेच.

पण या पुरवणीने अर्थ मुळातूनच पालटतो. ‘ना नफा ना तोटा’ हे किंमत ठरविण्याचे तत्त्व आहे. वस्तू पडत्या भावात द्यावी, वर काही घेऊ नये, हा त्याचा आशय. ग्राहक भांडारास तो शोभतो. ज्या संस्थांचा हा अभ्यासक्रम आहे, त्यांचे लक्षण निराळे आहे. हेन्री हान्समन या विधिज्ञाने १९८० साली ते नेमके मांडले : अशी संस्था वाढावा मिळवू शकते, मात्र तो तिच्या चालकांत अगर सभासदांत वाटता येत नाही. म्हणजे नकार ‘नफा’ या नामाला नसून ‘वाटणे’ या क्रियापदाला आहे. इंग्रजी शब्दानेही हा नकार चुकीच्या जागी लावला, हे खरे. तथापि तेथील विद्यार्थ्याला पहिल्याच धड्यात तो उलगडून सांगतात. आपल्याकडील कायदाही हेच सांगतो. २०१३ च्या कंपनी अधिनियमातील आठवे कलम नफ्याला बंदी करीत नाही. तो उद्दिष्टांसाठीच वापरावा व लाभांश देऊ नये, अशी अट घालते. १९६१ च्या आयकर अधिनियमाने धर्मादाय संस्थांना उत्पन्नाचे ८५ टक्के उद्दिष्टांवर योजण्यास सांगितले, तेव्हा उरलेले १५ टक्के राखून ठेवण्यास वाव दिलाच होता. आपल्या हिशेबनिसांची भाषाही याबाबतीत अधिक जाणती आहे. संस्थेच्या पत्रकास ते ‘नफा-तोटा’ न म्हणता ‘उत्पन्न-खर्च पत्रक’ म्हणतात, आणि शेवटच्या ओळीत ‘वाढावा’ अथवा ‘तूट’ लिहितात.

हा केवळ शब्दच्छल आहे असे कोणी म्हणेल. परंतु ‘ना नफा’ हे तत्त्व म्हणून शिकलेला व्यवस्थापक मार्चअखेर शिल्लक दिसली की ओशाळतो आणि ती कशीबशी संपवितो. पुढे अनुदान चार महिने लांबले की वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीचा पगार थांबतो. रयत शिक्षण संस्थेच्या सातारच्या वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले, ही कथा आपण योग्य आदराने सांगतो. अभ्यासक्रमातही ती ‘नेतृत्व’ या प्रकरणात आली आहे. माझ्या मते तिचे स्थान ‘राखीव निधी’ या प्रकरणातही हवे. कोठीतले धान्य संपत आले असता संस्थेपाशी स्वतःचे काय होते, हा प्रश्न त्या माउलीच्या त्यागास उणेपणा आणीत नाही. पुढच्या प्रत्येक संस्थेने मात्र कोणाच्या तरी मंगळसूत्रावर विसंबावे काय?

हीच गत ‘प्रशासकीय खर्च’ या पदाची. विदेशी देणग्यांतून अशा खर्चास असलेली ५० टक्क्यांची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने २० टक्क्यांवर आली. त्या निर्णयाच्या इष्टानिष्टतेत मी शिरत नाही. एवढे खरे की, कारभार म्हणजे कामातून वजा होणारी गोष्ट, ही समजूत ज्या समाजात रूढ आहे, तेथे त्याच कारभाराची पदवी देऊ पाहणाऱ्या मसुद्याने त्या समजुतीची चर्चा टाळावी, हे नवल होय.

‘सेवाभावी’ हा रूढ शब्द ठेवावा काय? तो गोड आहे, परंतु भाव हिशेबतपासनिसास तपासता येत नाही. ‘धर्मादाय’ कायद्यात स्थिरावला आहे. त्याला देवस्थानाचा वास येतो, ही तक्रार मला फारशी पटत नाही. मी ‘अवाटप संस्था’ असा शब्द करून पाहिला आणि तो कानाला इतका खडबडीत वाटला की स्वतःच खोडला. अखेर ‘धर्मादाय संस्था’ हे नाव कायम ठेवून पहिल्या घटकात ‘वाढावा मिळवावा, वाटू नये’ असे स्पष्ट वाक्य घालावे, अशी सूचना केली. ती स्वीकारली गेली.

‘नेतृत्व’ या शब्दाला राजकीय व्यासपीठाचा रंग चढला आहे, यास्तव ‘धुरीणत्व’ वापरावे, कारण त्याच्या मुळाशी ‘धुर्’ म्हणजे जू आहे, अशी माझी दुसरी सूचना होती. विद्यार्थी या नावाच्या पदवीस अर्ज करणार नाहीत, या कारणास्तव समितीने ती नाकारली.